विद्युत मोटारीचे स्टीअरिंग : घरगुती फेरबदल कोठवर करावेत?

विद्युत मोटारीत क्लच नाही, गिअरची लांब दांडी बहुधा नाही आणि इंजिनाचा आवाजही नाही. चालकाचा गाडीशी होणारा व्यवहार त्यामुळे दोन पॅडल आणि एक स्टीअरिंग एवढ्यात आटोपतो. इंडिकेटर, वायपर, हॉर्न, क्रूझ कंट्रोल, फोन, संगीताचा आवाज, काही गाड्यांत पुढे-मागे जाण्याची निवड आणि गाडी मंदावण्याची तीव्रता अशी अनेक कामे चक्रावरील बटणांकडे किंवा त्यामागच्या दांड्यांकडे सोपवलेली असतात. ही मांडणी सोयीची नसेल तर ती बदलून घ्यावी, असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी लागणारे साहित्य ऑनलाइन बाजारात सहज मिळते. चिकटवायची बटणे, जादा दांड्या, वेगळ्या आकाराची चक्रे, एका हाताने चक्र फिरवण्यासाठी नॉब, तयार वायरिंग असे बरेच काही घरपोच येते आणि सोबत दहा मिनिटांची चित्रफीतही असते.

या फेरबदलांपैकी काही निरुपद्रवी आहेत, तर काही जिवावर बेतू शकतात. वस्तूचा आकार किंवा किंमत पाहून हा फरक ओळखता येत नाही. शंभर-दोनशे रुपयांचे शोभेचे चिन्ह डोळा गमावण्यास कारण ठरू शकते आणि त्याहून कितीतरी महाग उपकरण सुरक्षितपणे चालू शकते. फेरबदल चक्राच्या किती खोलवर पोहोचतो, यावर धोका ठरतो. ही खोली साधारण तीन पातळ्यांत मोजता येते: वरचा पृष्ठभाग, आतील विद्युत संदेश आणि चक्र उतरवून करायचे काम.

गरज कोठून उत्पन्न झाली

स्टीअरिंगमध्ये हात घालण्याची इच्छा केवळ हौसेतून आलेली नाही. गेल्या काही वर्षांत उत्पादकांनीच नियंत्रणांची जुनी मांडणी मोडली. याचे सर्वांत ठळक उदाहरण टेस्ला कंपनीचे आहे. २०२१ मध्ये कंपनीने 'मॉडेल एस' आणि 'मॉडेल एक्स' या गाड्यांतून इंडिकेटर व वायपरच्या दांड्या काढल्या आणि वरचा भाग कापल्यासारखे दिसणारे, विमानातील नियंत्रकाच्या धर्तीचे चक्र बसवले. त्याला 'योक' म्हणजे जू असे नाव आहे. सरळ महामार्गावर ते सुबक दिसते. जागच्या जागी गाडी वळवताना मात्र हात जेथे जाऊन धरू पाहतो, तेथे धरायला काहीच नसते. तक्रारी वाढल्यानंतर २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने गोल चक्राचा पर्याय पुन्हा उपलब्ध केला.

२०२३ मध्येच 'मॉडेल ३' च्या सुधारित आवृत्तीत इंडिकेटरची दांडी गेली. तिच्या जागी चक्राच्या डाव्या आरीवर दोन बटणे आली. ही बटणे चक्राबरोबर फिरतात आणि अडचण तेथेच सुरू होते. पणजीतील दिवजा सर्कलसारख्या ठिकाणाची कल्पना केली तर हे लगेच ध्यानात येते. सर्कलभोवती फिरताना चक्र उजवीकडे वळलेले असते आणि बाहेर पडण्यासाठी डावा इंडिकेटर द्यायचा असतो. त्या क्षणी डाव्या आरीवरील बटण वर सरकलेले असते आणि ते शोधण्यासाठी नजर रस्त्यावरून हटते. दांडी स्टीअरिंगच्या खांबाला जोडलेली असते, चक्र कितीही फिरले तरी ती जागची हलत नाही. जुन्या रचनेचे शहाणपण एवढेच होते.

मालकांनी यावर स्वतःच उपाय शोधले. खांबावर बसणाऱ्या जादा दांड्या बाजारात आल्या. पुढे उत्पादकांनाही माघार घ्यावी लागली. २०२५ मध्ये आलेल्या आणि त्याच वर्षी जुलैत भारतात दाखल झालेल्या 'मॉडेल वाय' च्या नव्या आवृत्तीत इंडिकेटरची दांडी कायम आहे. मोटारींच्या सुरक्षिततेची परीक्षा घेणाऱ्या 'युरो एनकॅप' या संस्थेने तर २०२६ पासूनच्या निकषांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदत यांसाठी स्वतंत्र, हाताला जाणवणारी नियंत्रणे असण्याला महत्त्व दिले आहे.

भारतीय बाजारातील अडचणी थोड्या निराळ्या आहेत. येथील बहुतेक गाड्यांत इंडिकेटरची दांडी उजवीकडे असते, तर युरोपीय घडणीच्या गाड्यांत ती डावीकडे असते. गाडी बदलल्यावर वळताना वायपर सुरू होण्याची फजिती त्यामुळेच होते. विद्युत गाड्यांत आणखी एका नियंत्रणाची भर पडली आहे. २०२३ मध्ये सुधारित रूपात आलेल्या टाटाच्या 'नेक्सॉन ईव्ही' मध्ये चक्रामागील दोन पॅडलांनी ऊर्जा परत मिळवणाऱ्या ब्रेकिंगची, म्हणजे 'रीजेन'ची, पातळी कमी-जास्त करता येते. चोर्ला घाट उतरताना या सोयीचा उपयोग सहज कळतो. ज्या गाडीत ही पॅडल नाहीत, तिच्या मालकाला ती हवीशी वाटणे साहजिक आहे.

चक्राच्या पोटात काय असते

फेरबदलाचा विचार करण्यापूर्वी चक्राची रचना माहीत असणे आवश्यक आहे. मध्यभागी आच्छादनाखाली चालकाची एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. भारतात नव्या मोटारींसाठी चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून अनिवार्य आहे. धडक होताच ती वायूने फुगते आणि हे सारे सुमारे ३० ते ४० मिलिसेकंदांत घडते. पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो. एवढ्या वेगाने बाहेर येणाऱ्या पिशवीच्या वाटेत काहीही असू नये, हा स्टीअरिंगविषयीचा पहिला नियम होय. चालकाची छाती आणि चक्राचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर असावे, अशी शिफारस अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा यंत्रणा करते.

एअरबॅगभोवती हॉर्नचे संपर्क आणि आऱ्यांवर बटणांचे पट्टे असतात. चक्र फिरते, खांब स्थिर असतो. मग फिरणाऱ्या भागातील वायरींची जोडणी तुटत कशी नाही? त्यासाठी चक्राच्या मागे 'क्लॉक स्प्रिंग' नावाची चपटी डबी असते. तिच्यात रिबनसारखी पातळ केबल घड्याळाच्या स्प्रिंगप्रमाणे गुंडाळलेली असते. चक्र एका दिशेला फिरले की ती आवळते, दुसऱ्या दिशेला फिरले की सैलावते. दोन्ही बाजूंना ठरावीक फेरेच पुरतील एवढीच तिची लांबी असते. एअरबॅगला मिळणारा संदेशही याच केबलमधून जातो.

त्याखाली खाचा असलेला दांडा येतो. चक्र त्याच खाचांवर बसते आणि मधल्या बोल्टने घट्ट होते. खांबावर चक्र किती वळले आहे हे मोजणारा सेन्सर असतो, हाताने किती जोर लावला हे मोजणारा दुसरा. गाडी घसरू न देणारी यंत्रणा आणि मार्गिका सांभाळणारी यंत्रणा या दोन सेन्सरांवर विसंबून असतात. स्टीअरिंग हलके करणारी विद्युत मोटरही यांच्याच सांगण्यावरून चालते. बहुतेक गाड्यांत तिला वीज मोठ्या बॅटरीतून थेट मिळत नाही, ती १२ व्होल्टच्या लहान बॅटरीच्या जाळ्यातून येते. म्हणून विद्युत मोटारीच्या स्टीअरिंगवर काम करताना भीती बाळगायची ती केशरी आवरणाच्या उच्च दाबाच्या केबलची नव्हे. त्या तेथपर्यंत येतच नाहीत. पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या की मात्र थांबावे, कारण त्या एअरबॅगच्या आहेत.

पहिली पातळी : पृष्ठभाग

सर्वांत सुरक्षित फेरबदल गाडीच्या पडद्यावरील सूचीतच करता येतो. अनेक नव्या विद्युत गाड्यांत चक्रावरील एखादे बटण मालकाच्या पसंतीच्या कामासाठी राखून ठेवलेले असते. रीजेनची पातळी, कॅमेरा किंवा आवडता पडदा अशा कामांना ते जोडता येते. पुष्कळदा ज्या सोयीसाठी उपकरण विकत घेतले जाते, ती गाडीत आधीपासून असते. मालकाच्या पुस्तिकेतील स्टीअरिंगचे प्रकरण वाचणे हा म्हणूनच पहिला आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

त्यानंतर येतात आच्छादने. समुद्रकाठच्या दमट हवेत रेक्झिनचे सैल आच्छादन घामाने निसटते आणि ऐन वळणावर हाताखाली फिरते. आच्छादन वापरायचेच असेल तर ते शिवून घट्ट बसवलेले असावे. विद्युत गाड्यांच्या बाबतीत एक अधिक काळजी घ्यावी लागते. काही गाड्यांच्या चक्राच्या कडेत हाताचा स्पर्श ओळखणारा थर असतो. जाड आच्छादन घातले की गाडीला हात जाणवत नाहीत आणि मार्गिका सांभाळणारी यंत्रणा वारंवार इशारे देऊ लागते किंवा बंद पडते. हा दोष गाडीचा समजून सेवा केंद्राच्या फेऱ्या मारण्यापूर्वी आच्छादन काढून पाहावे.

संगीत किंवा फोनसाठी ब्लूटूथवर चालणारी लहान बटणे आरीवर पट्ट्याने बांधता येतात. गाडीच्या वायरिंगशी त्यांचा संबंध येत नाही. ती घट्ट बसलेली असावीत, चक्र फिरवताना बाहीत अडकू नयेत आणि एअरबॅगच्या आच्छादनावर किंवा त्याच्या शिवणीवर कदापि नसावीत. चक्राच्या मध्यावर लावायची खड्यांची चिन्हे, देवतांच्या धातूच्या प्रतिमा, नावाच्या पट्ट्या यांनाही हाच नियम लागू आहे. अमेरिकेत असे खड्यांचे चिन्ह एअरबॅग उघडताना सुटून एका चालकाच्या चेहऱ्यावर आदळले आणि त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. त्यानंतर २०२४ मध्ये तेथील सुरक्षा यंत्रणेने ही चिन्हे लावू नयेत, असा जाहीर इशारा दिला. भक्तिभावाने लावलेली प्रतिमा डॅशबोर्डवरही एअरबॅगच्या वाटेबाहेरच असावी.

दुसरी पातळी : विद्युत संदेश

बटण दाबले की पुढे काय होते, ते गाडीनुसार बदलते. जुन्या आणि साध्या रचनेत प्रत्येक बटणामागे वेगवेगळ्या मूल्याचा रोध असतो. एकाच वायरीवरील विद्युत दाब किती बदलला, यावरून कोणते बटण दाबले हे संगीतयंत्राला कळते. बाजारात मिळणारे 'युनिव्हर्सल' बटणसंच याच तत्त्वावर चालतात. नवे संगीतयंत्र जुन्या बटणांना शिकवून जोडता येते. हे काम तुलनेने सोपे आहे आणि चुकले तरी बहुधा गाणेच बंद पडते.

नव्या विद्युत गाड्यांत बटणे बोलतात ती सांकेतिक भाषेत. चक्रावरील बटणांचे संदेश लहानशा जाळ्यातून जवळच्या नियंत्रकाकडे जातात आणि तेथून 'कॅन' नावाच्या मुख्य जाळ्यावर चढतात. बॉश कंपनीने १९८० च्या दशकात विकसित केलेली ही पद्धत आजही बहुतेक मोटारींचा कणा आहे. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन वायरींवर सगळे नियंत्रक आळीपाळीने बोलतात. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो, लहान क्रमांकाच्या संदेशाला अग्रक्रम मिळतो. मूळ कॅन पद्धतीत संदेश नेमका कोणी पाठवला, हे पडताळण्याची सोय नाही. अमुक क्रमांकाचा संदेश आला की ऐकणारा नियंत्रक त्यावर विश्वास ठेवतो.

बाजारातील जादा दांड्या आणि बटणे या विश्वासाचाच उपयोग करून घेतात. गाडीतील एखाद्या जोडणीत लहान पेटी बसवली जाते, दांडीकडून बिनतारी इशारा येताच ती पेटी जाळ्यावर योग्य संदेश सोडते आणि गाडीला वाटते की मूळ बटणच दाबले गेले. चांगल्या घडणीचे उपकरण मूळ वायर न कापता मधल्या कनेक्टरमध्ये बसते आणि काढले की गाडी पूर्ववत होते. हीच त्याची पहिली कसोटी मानावी. वायरीचे आवरण चिरून चिमट्याने जोड देण्याची पद्धत येथे टाळावी. खाऱ्या दमट हवेत अशा जोडावर काही पावसाळ्यांत हिरवा चढ येतो आणि मग दोष कोठे आहे हे शोधण्यात दिवस जातात.

जाळे केवळ ऐकणारे उपकरण आणि जाळ्यावर बोलणारे उपकरण यांत मोठा फरक आहे. बॅटरीचे तापमान दाखवणारे यंत्र ऐकते. इंडिकेटर लावणारे यंत्र बोलते. बोलणाऱ्याने चुकीच्या वेळी किंवा अखंड बडबड सुरू केली तर इतरांचे बोलणे अडते. २०१५ मध्ये दोन अमेरिकी संशोधकांनी एका जीप गाडीच्या जाळ्यात दुरून प्रवेश करून तिच्या ब्रेक आणि स्टीअरिंगपर्यंत पोहोचता येते, हे दाखवून दिले. त्यानंतर कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. ती गाडी विद्युत नव्हती, परंतु जाळ्याचे तत्त्व तेच आहे. अज्ञात उत्पादकाची पेटी या जाळ्यावर बसवणे म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगा अनोळखी माणसाकडे देण्यासारखे आहे.

दोन व्यावहारिक अडचणीही आहेत. काही उपकरणे गाडी उभी असतानाही जाळे जागे ठेवतात, त्यामुळे १२ व्होल्टची बॅटरी उतरते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही विद्युत मोटार सुरूच होत नाही. दुसरी अडचण सॉफ्टवेअरची आहे. कंपनी घरबसल्या गाडीचे सॉफ्टवेअर बदलते, तेव्हा संदेशांचे क्रमांकही बदलू शकतात. काल चालणारी जादा दांडी आज मुकी होते. म्हणून गाडीचे मूळ बटण निकामी करून जादा दांडीवरच विसंबणे योग्य नाही. मूळ नियंत्रण शाबूत ठेवून भर घालावी.

रीजेनच्या पॅडलबाबत निराळा विचार करावा लागतो. वरच्या श्रेणीच्या गाडीचे पॅडल असलेले चक्र खालच्या श्रेणीच्या गाडीला बसले, तरी गाडीच्या सॉफ्टवेअरने ते ओळखायला हवे. ते ओळखत नसेल तर पॅडल शोभेचे राहतात. कोणी मोटरच्या नियंत्रकाला परस्पर संदेश देऊन रीजेन वाढवू पाहिले, तर प्रश्न मागून येणाऱ्या वाहनाचा असतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार रीजेनमुळे गाडी प्रतिसेकंद प्रतिसेकंद १.३ मीटरपेक्षा अधिक तीव्रतेने मंदावत असेल, तर ब्रेकचे दिवे लागणे आवश्यक आहे. मूळ यंत्रणा हे सांभाळते. परस्पर केलेली जोडणी ते सांभाळेलच असे नाही. घाटात दिवे न लागता अचानक मंदावणारी गाडी मागच्याला दिसते तशी समजत नाही.

तिसरी पातळी : चक्र उतरवणे

वेगळ्या आकाराचे चक्र बसवणे, जूसारखे चक्र काढून गोल बसवणे किंवा बटणांचा पट्टा बदलणे यासाठी एअरबॅग काढावी लागते. घरगुती कामाची हद्द येथे संपते.

एअरबॅगच्या पेटवणीला अतिशय थोडा विद्युतप्रवाह पुरतो. तिच्या टोकांना मल्टिमीटर लावून 'तपासणे' हीसुद्धा घातक चूक ठरू शकते. बॅटरी तोडल्यानंतरही यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. किती मिनिटे थांबायचे, हे प्रत्येक उत्पादकाच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेले असते. विद्युत मोटारीत आणखी एक गुंता आहे. गाडी पूर्ण बंद नसेल तर मोठी बॅटरी रूपांतरकातून १२ व्होल्टच्या जाळ्याला वीज देतच राहते. लहान बॅटरीची तार काढली म्हणजे सारे थंड झाले, हा जुन्या पेट्रोल गाडीवरचा अनुभव येथे दगा देतो. काढलेली एअरबॅग आच्छादनाची बाजू वर करून ठेवायची असते. पालथी ठेवलेली पिशवी चुकून उघडली तर तिची पेटी छताकडे झेपावते.

क्लॉक स्प्रिंग हा दुसरा सापळा आहे. चक्र काढल्यावर ती डबी बोटाने सहज फिरते. मध्य चुकवून चक्र परत बसवले तर काम व्यवस्थित झाल्यासारखे वाटते. पुढे कधीतरी पार्किंग करताना चक्र पूर्ण वळवले जाते आणि आतील रिबन तटकन तुटते. हॉर्न बंद पडतो, बटणे मुकी होतात, एअरबॅगचा दिवा लागतो. तो दिवा लागलेला असताना धडकेत एअरबॅग उघडण्याची खात्री उरत नाही.

खाचेचा तिसरा प्रश्न आहे. चक्र एका खाचेने सरकून बसले तर गाडी सरळ जाताना चक्र वाकडे दिसते. चाकांचा जुळाव बिघडला असे समजून लोक भलतीकडेच दुरुस्ती करतात. खांबावरील सेन्सरची गणना चुकली तर मार्गिका सांभाळणारी यंत्रणा गाडीला नकोशा बाजूला ओढते. मधला बोल्ट ठरलेल्या बळानेच आवळायचा असतो. काही गाड्यांत तो एकदाच वापरायचा असतो, प्रत्येक वेळी नवा घ्यावा लागतो.

जुन्या बाजारातील चक्र स्वस्त मिळते. त्याच्या पोटातील एअरबॅग मूळची आहे की भरून बदललेली, हे बाहेरून कळत नाही. निकृष्ट फुगवणी यंत्र बसवलेल्या बदली एअरबॅगमुळे मृत्यू झाल्याची प्रकरणे पुढे आल्यावर अमेरिकेतील सुरक्षा यंत्रणेने २०२४ मध्ये वाहनमालकांना सावध केले होते. अशा यंत्राचे धातूचे तुकडे चालकाच्या दिशेने उडतात. एअरबॅगच नसलेले शर्यतीच्या धर्तीचे चक्र रोजच्या गाडीला बसवणे तर स्वतःहून संरक्षण काढून टाकणे आहे.

यंत्रणेला फसवणारी साधने

काही वस्तू वरवर पहिल्या पातळीच्या वाटतात, परंतु परिणामाने त्या सर्वांत वाईट आहेत. मार्गिका सांभाळणाऱ्या गाड्या चालकाचे हात चक्रावर आहेत का, हे चक्रावरील हलक्या जोरावरून ओळखतात आणि नसल्यास इशारा देतात. हा इशारा बंद व्हावा म्हणून चक्राला वजन लटकवण्याची युक्ती निघाली. टेस्लासाठी विकल्या जाणाऱ्या 'ऑटोपायलट बडी' या वस्तूची विक्री थांबवण्याचा आदेश अमेरिकी सुरक्षा यंत्रणेने जून २०१८ मध्ये दिला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाला चालकाचे लक्ष राखणारी तपासणी अधिक कडक करण्यासाठी अमेरिकेतील २० लाखांहून अधिक गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलावे लागले.

भारतात मिळणाऱ्या गाड्यांतील ही यंत्रणा चालकाला साहाय्य करणारी आहे, चालकाची जागा घेणारी नाही. पुसट पट्टे, रस्त्यावर बसलेली गुरे आणि अचानक समोर येणारी दुचाकी यांच्यापुढे तिला पुष्कळदा काही सुचत नाही. चक्रात बाटली किंवा वजन अडकवून तिला फसवणारा चालक प्रत्यक्षात स्वतःलाच फसवत असतो.

फेरबदल जेव्हा गरज असते

स्टीअरिंगमधील प्रत्येक बदल हौसेचा नसतो. एका हाताने गाडी चालवणाऱ्यास चक्रावरील नॉब, पायांत बळ नसलेल्यास हाताने चालणारे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, डावा हात निकामी असलेल्यास उजवीकडे आणलेली नियंत्रणे ही चैन नव्हे, स्वावलंबनाची साधने आहेत. क्लच आणि गिअर नसल्यामुळे विद्युत मोटार अशा चालकांना मूळचीच सोयीची आहे.

कायद्यानेही या गरजेसाठी वाट मोकळी ठेवली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये शारीरिक व्यंग असलेल्या व्यक्तीसाठी गाडीचे 'अनुकूलित वाहन' करण्याची तरतूद आहे. ठरवून दिलेल्या अटी पाळून असा बदल करता येतो आणि त्यास नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता नंतर घेता येते. हे काम अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे. नॉब एअरबॅगच्या वाटेत येत नाही ना, हाताचा ब्रेक पूर्ण दाबला जातो ना, गाडी उलट नेताना नियंत्रणे पोहोचतात ना, हे प्रत्यक्ष चालकाला बसवूनच तपासता येते.

कायदा आणि विमा

इतर फेरबदलांबाबत कायदा कडक आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल करता येणार नाही, हे कलम ५२ चे सूत्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात त्याचा आग्रहाने पुनरुच्चार केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आच्छादन किंवा ब्लूटूथचे बटण यांमुळे प्रमाणपत्रातील तपशील बदलत नाही. एअरबॅग काढून टाकणे किंवा स्टीअरिंगची रचनाच बदलणे ही गोष्ट वेगळी आहे.

विम्याचा प्रश्न अपघातानंतरच समोर येतो. न कळवलेला बदल अपघाताशी निगडित आढळला तर विमा कंपनी दाव्यावर हरकत घेऊ शकते. वॉरंटीबाबतही कापलेल्या वायरिंगचा पुरावा मालकाच्या विरोधात जातो. म्हणून बदल करण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

चक्र आणि चाक यांचा तुटणारा सांधा

आजच्या बहुतेक विद्युत मोटारींत साहाय्यक मोटर बंद पडली तरी चक्र आणि चाके लोखंडी दांड्याने जोडलेली असतात. स्टीअरिंग जड होते, पण गाडी वळते. २०२३ च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती आलेल्या टेस्लाच्या 'सायबरट्रक' मध्ये हा दांडाच नाही. लेक्ससच्या 'आरझेड' या विद्युत गाडीसाठीही अशी रचना विकसित झाली आहे. चक्र फिरवले की केवळ विद्युत संदेश जातो आणि चाके वळवण्याचे काम मोटर करतात. एक यंत्रणा बंद पडली तर दुसरीने काम उचलावे, अशी दुहेरी योजना त्यात असते. अशा गाडीत चक्राचे वायरिंग हेच स्टीअरिंग असते. तेथे दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीतील सीमारेषा पुसली जाते आणि घरगुती कामाला पृष्ठभागाखाली जागाच उरत नाही.

निर्णय कसा घ्यावा

फेरबदल करू इच्छिणाऱ्याने काही प्रश्न क्रमाने विचारावेत. ही सोय गाडीच्या सूचीत आधीच आहे का? नसल्यास, उत्पादकाचा अधिकृत भाग उपलब्ध आहे का? बाहेरचे उपकरण काढल्यावर गाडी जशीच्या तशी होईल का? ते एअरबॅगच्या वाटेत येते का? त्यासाठी पिवळ्या वायरींजवळ जावे लागते का? उपकरण चालता चालता बंद पडले तर इंडिकेटर, हॉर्न आणि वायपर मूळ बटणांवर चालतील का? यांतील एअरबॅग आणि पिवळ्या वायरींच्या प्रश्नांचे उत्तर 'होय' असेल, तर स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवून अधिकृत सेवा केंद्र गाठावे.

काम कोणीही केलेले असो, त्यानंतरची तपासणी मालकाने स्वतः करावी. गाडी उभी असताना चक्र दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत सावकाश फिरवावे. कोठे अडते का, कर्रकर्र आवाज येतो का, हे ऐकावे. प्रत्येक टोकाला हॉर्न वाजवून पाहावा. गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांत विझतो ना, हे पाहावे. तो विझला नाही किंवा मुळीच लागला नाही, तर गाडी रस्त्यावर आणू नये. मोकळ्या सरळ रस्त्यावर हळू वेगात चक्र सरळ राहते का आणि वळणानंतर इंडिकेटर आपोआप बंद होतो का, हेही पाहून घ्यावे. एवढी तपासणी पाच-दहा मिनिटांत होते. तीत काही वेगळे जाणवले, तर नवा भाग काढून जुना बसवावा आणि मगच कारण शोधावे.